फिजिक्सची जागा

"तिकीट अजून काढलं नाही ना?" तांबोळी सरांनी विचारलं.

बी.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल नुकतंच संपलं होतं आणि मी प्रिझम मोजून खोक्यात ठेवत होते. सर प्रयोगशाळेच्या दारातच उभे होते. एरवी ते आत येऊन स्टुलावर बसायचे, पण त्या दिवशी आले नाहीत.

"अजून नाही. व्हिसाचे कागद आले की मुंबईचं ऑफिसच काढेल. का?"

त्यांनी मागे वळून व्हरांड्यात पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"जाऊ नका, मॅडम."

माझ्या हातातला प्रिझम हातातच राहिला. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"जाऊ नका म्हणजे?"

"आत्ता जाऊ नका. पुढं बघू."

"पण का, सर? तुम्हीच तर..."

"कारण विचारू नका. मी सांगतोय तेवढं ऐका." आणि ते निघून गेले.

ही १९९४ सालच्या मार्चमधली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. वय तेहतीस, लग्न केलेलं नव्हतं, घरी आई आणि मी दोघीच. मुनीर तांबोळी सर गणित शिकवायचे. मधली चार वर्षं ते येमेनला, डोंगरातल्या एका शहरात, शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवून आले होते. परत आल्यावर ते स्टाफरूममध्ये तिथल्या गोष्टी सांगायचे. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, ढगांत बुडालेली घरं, वर्गात कमरेला खंजीर लावून बसणारी आणि वर्गमूळ चुकलं की लाजून खाली बघणारी मुलं. ते बोलायला लागले की मी वह्या तपासणं थांबवायची.

त्याच कॉलेजात फिजिक्सची जागा निघाली तेव्हा जाहिरातीचं कात्रण त्यांनीच मला आणून दिलं. अर्ज त्यांनीच भरून घेतला. जानेवारीत मुंबईला, तिकडची भरती करणाऱ्या ऑफिसात, मुलाखत होती, तेव्हा आदल्या दिवशी दोन तास बसवून काय विचारतील, काय सांगायचं, सगळं शिकवलं. फेब्रुवारीत निवडीचं पत्र आलं. त्यात एक वाक्य होतं की नवीन प्रयोगशाळा उभारण्याची जबाबदारी आपली राहील. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. दहा वर्षं मी दुसऱ्यांनी लावून ठेवलेल्या कपाटांतून दुसऱ्यांनी मोडून ठेवलेली उपकरणं काढत आले होते.

तिकडे गडबड आहे हे मला ठाऊक होतं. उत्तर आणि दक्षिण येमेन चार वर्षांपूर्वी एक झाले होते आणि आता त्यांचं पटत नव्हतं. पण फेब्रुवारीतच दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी समझोत्यावर सह्या केल्याची बातमी आली होती. ती बातमी तांबोळी सरांनीच मला वाचून दाखवली होती. "मिटलं बघा," असं म्हणालेही होते.

आणि आता तेच म्हणत होते, जाऊ नका.

रात्री जेवताना मी आईला सांगितलं. आईचा माझ्या जाण्याला विरोध नव्हता. तिला फक्त तिकडे ज्वारी मिळत नाही याची काळजी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यांच्या घरचं कुणी आहे का तुझ्या लायनीतलं?"

"म्हणजे?"

"फिजिक्सवालं."

मला आठवलं. सरांच्या बायकोचा धाकटा भाऊ, अझीम. एम.एस्सी. फिजिक्स करून दोन वर्षं उस्मानाबादला घरी बसला होता. नेट परीक्षेच्या तयारीसाठी माझ्याच नोट्स घेऊन गेला होता.

"आहे," मी म्हटलं.

आई भाकरीचा तुकडा मोडत राहिली. बी पेरायला एवढं पुरतं.

तरी आठ दिवस मी स्वतःशी भांडत होते. सर तसे नाहीत, असं म्हणायची आणि लगेच मनात यायचं, मग कारण का सांगत नाहीत? रोजे चालू होते. सर स्टाफरूममध्ये फारसे थांबत नसत. समोर आले की मी मुद्दाम विचारायची, "सर, काही सांगणार होतात ना?" आणि ते म्हणायचे, "सांगितलं की."

मग ईद आली. दर ईदेला मी त्यांच्याकडे शीरखुर्म्याला जायची, तशी गेले. रझियाभाभींनी नेहमीसारखं हसून दार उघडलं. बाहेरच्या खोलीत टेबलावर निळ्या किनारीचं एक पाकीट पडलं होतं, परदेशातून येतं तसं. त्यावर अरबी अक्षरं. सर आतून आले, त्यांनी मला पाहिलं, पाकीट पाहिलं आणि हातातलं वर्तमानपत्र सहज ठेवल्यासारखं त्यावर ठेवलं.

सहज ठेवल्यासारखं. पण मी ते पाहिलं होतं आणि मी पाहिलंय हे त्यांना कळलं होतं.

"तिकडचं पत्र का?" मी विचारलं.

"हं. घरगुती आहे."

"तिकडे तुमचं कोण असतं?"

"ओळखीचे आहेत."

भाभी वाटी घेऊन आल्या. मी दोन घास खाल्ले असतील. अझीमचं कसं चाललंय म्हणून विचारलं. भाभी उत्साहानं म्हणाल्या, "प्रयत्न चाललेत, बाई. आता बाहेरचंही बघतोय." सर म्हणाले, "रझिया, पाणी आण." भाभी उठून गेल्या. मला वाटलं, त्यांना गप्प करायलाच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. व्हिसाचं विचारायचं होतं. तिथल्या मुलीनं कागद चाळले आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं सगळं झालंय. अठ्ठावीस एप्रिलची तारीख धरलीय. तुम्ही बदलायचं म्हणत होतात ते नक्की काय करायचं?"

"मी कुठं बदलायचं म्हटलं?"

"तुमच्या गावाहून एक सर येऊन गेले ना, मागच्या आठवड्यात. फिजिक्सच्या जागेचं काही बदलता येईल का विचारत होते."

"नाव काय त्यांचं?"

"तांबोळी," ती म्हणाली.

मागच्या आठवड्यात सर दोन दिवस रजेवर होते. रजेच्या अर्जात लिहिलं होतं, प्रकृती ठीक नाही.

मी बूथमधून बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. राग होता, पण त्याहून जास्त शरम होती. या माणसानं मला चांगलंच खेळवलं आणि मी त्याच्यासमोर लहान पोरीसारखी प्रयोगशाळेचे नकाशे काढून दाखवत बसले होते. आता एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत होती. आधी मला पुढं केलं, कारण अझीमकडे तेव्हा अनुभवाचा दाखला नव्हता. आता तो कुठून तरी मिळाला असणार. मला घाबरवून मागे सारलं की जागा रिकामी. तिकडच्या कुणाशी पत्रव्यवहार करून ठरवूनही ठेवलं असेल. संशयाचं असं असतं, त्याला एक धागा दिला की तो स्वतःच अख्खं कापड विणून देतो.

दोन दिवसांनी मी प्राचार्यांकडे गेले. दोन वर्षांच्या बिनपगारी रजेचा माझा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. त्यांची शिफारस झाली की तो संस्थेकडे जाणार होता. प्राचार्य हिरेमठ सर शांत, कागदाला कागद लावून ठेवणारे गृहस्थ.

"लोखंडे मॅडम, अर्ज आहे माझ्याकडे. पण तांबोळी म्हणत होते, महिनाभर थांबवा."

"ते कोण थांबवणारे?"

हिरेमठ सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. या आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"ते तुमच्या भल्याचंच सांगत असतील."

"माझ्या भल्याचं?" आणि मग मी थांबले नाही. "सर, त्यांना त्यांच्या मेव्हण्याला तिथं चिकटवायचंय. आजारी म्हणून रजा काढून ते मुंबईला गेले होते, माझ्या जागेचं विचारायला. मला कारण सांगत नाहीत. घरी तिकडून अरबीतली पत्रं येतात. मी गेले तर माझ्यासमोर पत्र पेपरखाली लपवलं."

मी सांगत होते मेव्हण्याचं. हिरेमठ सरांनी ऐकलं ते पत्रांचं. अर्जावर सही करायला उचललेलं पेन त्यांनी खाली ठेवलं.

"अरबीत?"

"हो."

"लपवलं?"

"हो, सर."

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही या. अर्जाचं मी बघतो."

मुंबईच्या बॉम्बस्फोटांना तेव्हा नुकतंच वर्ष झालं होतं. त्या एका वर्षात आपल्याकडे कुठल्या शब्दाचा काय अर्थ होऊ लागला होता हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. त्या क्षणी त्याचा विचार केला नाही, एवढंच म्हणू शकते. आणि तेही मी कधी शपथेवर सांगितलेलं नाही.

शनिवारी तांबोळी सर कॉलेजात आले नाहीत. सोमवारीही आले नाहीत. सोमवारी दुपारी स्टाफरूमच्या दारात हवालदार उभा राहिला.

"लोखंडे मॅडम कोण? साहेबांनी बोलावलंय. पाच मिनिटांचं काम आहे."

पोलीस ठाण्यात मी पहिल्यांदाच गेले. फौजदार घाडगे तरुण होते, माझ्यापेक्षाही लहान असतील. त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर उर्दू शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक, काझी गुरुजी, भिंग घेऊन बसले होते. आणि भिंतीलगतच्या बाकावर तांबोळी सर. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते एकदम उठून उभे राहिले, जणू त्यांच्यामुळे मला इथं यावं लागलं याचा त्यांना संकोच वाटत होता.

"बसा तुम्ही," घाडगे त्यांना म्हणाले. मग मला म्हणाले, "मॅडम, एक पत्र आहे. त्यात एका बाईचा उल्लेख आहे. हे म्हणतात, ती तुम्ही. गुरुजी, वाचा."

टेबलावर तेच पाकीट होतं. काझी गुरुजी भिंग धरून एकेक ओळ मनात लावत आणि मग मराठीत सांगत. त्यांना वेळ लागत होता. ती वाक्यं मला आजही जवळजवळ तशीच आठवतात.

"गुरुजी, तुम्ही लिहिलंत की तुमच्या कॉलेजातली एक बहीण आम्हाला फिजिक्स शिकवायला येणार आहे. आम्हाला आनंद झाला. पण तिला आत्ता येऊ देऊ नका. सह्या झाल्या त्याला इथं कुणी विचारत नाही. आम्हाला वसतिगृहातून काढलं, तिथं सैनिक राहतात. नवीन प्रयोगशाळेच्या खोलीत पेट्या रचल्या आहेत. पेट्यांत काय आहे ते मी लिहीत नाही. दक्षिणेकडची मुलं घरी गेली. बाजारात पीठ नाही. सुदानी शिक्षक निघून गेले, पण कॉलेजच्या ऑफिसनं त्यांचे पासपोर्ट दीड महिना अडकवले होते. बहीण आली तर तिचाही पासपोर्ट जमा करून घेतील आणि मग तिला निघता येणार नाही. माझा भाऊ सैन्यात आहे, म्हणून मला हे कळतं. मी लिहिलं हे कुणाला कळलं तर आम्हा दोघांचीही खैर नाही. वाचून जाळून टाका. तुमचा विद्यार्थी..."

काझी गुरुजींनी नाव वाचलं. बाकावरून तांबोळी सर हलक्या आवाजात म्हणाले, "नाव राहू द्या, गुरुजी." पण ते वाचून झालं होतं आणि कोपऱ्यातल्या हवालदारानं लिहूनही घेतलं होतं.

"जाळलं का नाही?" घाडगेंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आधीही विचारला असावा.

"मुलाचं पत्र आहे, साहेब. जाळवलं नाही."

"मुंबईला कशाला गेला होता?"

"मॅडमच्या जाण्याची तारीख पुढं ढकलता येते का बघायला. जागा राहावी आणि जाणं मात्र जूननंतर व्हावं म्हणून. फोनवर ते लोक दाद देत नाहीत."

घाडगे माझ्याकडे वळले. "फिजिक्सची बहीण म्हणजे तुम्ही?"

"हो."

"यांनी तुम्हाला जाऊ नका म्हणून सांगितलं होतं?"

"हो. दोन-तीनदा."

"कारण सांगितलं?"

"नाही."

"मॅडम, यात सैनिक आहेत, पेट्या आहेत, जाळून टाका आहे. आम्हाला चौकशी करावीच लागते." त्यांचा आवाज जवळजवळ माफी मागणारा होता. मग त्यांनी फाइल उलटली. "तुमच्या प्राचार्यांनी माहिती दिली, पण ती मुळात तुमच्याकडून आलीय, असं त्यांनी लिहून दिलंय. तुम्हाला यांच्याबद्दल आणखी कसला संशय होता का?"

खोलीत पंखा फिरत होता. मी बाकाकडे पाहिलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही ते का सांगितलंत?"

"मला वाटलं, ते माझी जागा त्यांच्या मेव्हण्याला देताहेत."

घाडगेंनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. काझी गुरुजींनी भिंग डबीत ठेवलं. कुणी हसलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

मी जबाब लिहून दिला, दोन ठिकाणी सही केली. संध्याकाळी सरांना सोडलं. पत्र मात्र परत दिलं नाही. त्याची प्रत वर पाठवावी लागेल, असं घाडगे म्हणाले. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही नीट माहीत नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेले. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं. भाभींनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. त्या हसल्या नाहीत, पण दारही लावलं नाही.

"मागच्या साली स्फोटानंतर यांना दोन दिवस ठाण्यात बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "परदेशातून आलेल्यांची यादी केली होती म्हणे. आम्ही कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून तिकडचं पत्र आलं की हे कुणाला दिसू देत नाहीत. तरी या पत्रासाठी मुंबईला गेले. मी जाऊ नका म्हणत होते."

"भाभी, मला माहीत नव्हतं."

"अझीम दुबईला कारखान्यात बघतोय, बाई. सुपरवायझरचं काम. तुम्ही त्या दिवशी विचारलंत, मला वाटलं तुम्हाला आपुलकी आहे."

सर आतून आले. दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता, कॉलेजला निघायच्या तयारीत होते. मी जुळवलेलं सगळं विसरले.

"सर, माझं चुकलं," एवढंच म्हणू शकले. "पण तुम्ही एकदा पत्र दाखवलं असतंत तर..."

त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली, वह्या आहेत का पाहिल्या.

"का दाखवलं नाही, ते तुम्हाला आता कळलं असेल," ते म्हणाले.

मी मान हलवली. मला वाटलं, ते पत्रातल्या मजकुराबद्दल बोलताहेत, त्या मुलाच्या जिवाबद्दल. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चालत आल्यावर त्या वाक्याचा दुसरा अर्थ, माझ्याबद्दलचा, माझ्या लक्षात आला आणि मी तिथंच थांबले.

मी गेले नाही. मुंबईच्या ऑफिसला नकाराची तार केली आणि रजेचा अर्ज मागे घेतला. हिरेमठ सरांनी तो परत दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघं त्यात होतो. एप्रिल संपता संपता तिकडे रणगाडे एकमेकांवर चालून गेल्याची बातमी आली, मेच्या पहिल्या आठवड्यात उघड युद्ध पेटलं, विमानतळांवर बॉम्ब पडले. अठ्ठावीस तारखेला निघाले असते तर मी बरोबर त्यात जाऊन पडले असते. आई ओळखीच्या बायकांना सांगायची, "देवानं वाचवलं पोरीला." पहिल्यांदा तिनं तसं म्हटलं तेव्हा मी म्हणाले, "देवानं नाही, तांबोळी सरांनी." त्यानंतर आमच्या घरात ते नाव पुन्हा निघालं नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. सर माझ्याशी बोलायचे. तुमचा तास आहे का, पर्यवेक्षणाला कोण आहे, खडू संपलेत. चुकूनही आवाज चढवला नाही, चहा आला तर माझा कप माझ्यासमोर सरकवायचे. फक्त डोंगरातल्या त्या शहराच्या गोष्टी त्यांनी पुन्हा कधी सांगितल्या नाहीत, मला नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही. ईदेला मी दोन वर्षं बोलावण्याची वाट पाहिली. मग तीही सोडून दिली.

त्यानंतर कधीतरी, युद्ध संपून दोन वर्षं उलटली असतील, स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. ते उत्तरपत्रिका तपासत होते. मी बराच वेळ धीर गोळा केला.

"सर," मी विचारलं, "त्या मुलाचं पुन्हा पत्र आलं का?"

त्यांनी हातातली उत्तरपत्रिका पूर्ण तपासली, बेरीज केली, गुण वर्तुळात लिहिले आणि दुसरी घेतली.

"कोणत्या मुलाचं, मॅडम?" ते म्हणाले.